एकोणऐंशी की दोन हजार तीन

अमेरिकेत, ॲन आर्बरच्या बसमध्ये पुढच्या सीटवरचा मुलगा आपल्या अमेरिकन मित्राला ठासून सांगत होता, की आइस हॉकीत २००३च्या ड्राफ्टसारखी बॅच कधी झालीच नाही. मागे बसलेल्या यामिनीच्या तोंडून निघून गेलं, "डोंबल!"

तो गर्रकन वळला. "डोंबल का म्हणून?"

"कारण... एकोणऐंशीची भारी," तिनं रेटून सांगितलं.

तो सिद्धेश, नागपूरचा; ती साताऱ्याची. दोघंही पीएचडीवाले. दरवर्षी ड्राफ्टमध्ये हॉकीचे संघ नवी पोरं पाळीपाळीनं निवडून घेतात. त्यातल्या कुठल्या वर्षाची पोरं थोर, यावर २००७चा तो अख्खा हिवाळा दोघं भांडले. बर्फ भुरभुरायचं, काच धुकटायची, थांबा यायचा... भांडण काही मिटायचं नाही. मिटू नये म्हणून यामिनी एखादा मुद्दा उद्यासाठी राखून ठेवायची.

"तुझी पोरं अजून तिसराच सीझन खेळतायत, यार!"

"आणि तुझे म्हातारे झाले! तुझा जन्मच एकोणऐंशीचा, म्हणून बाजू घेतेस. तारीख काय? वेळ, गाव?"

"पत्रिका मांडतोस की काय?" ती खळखळून हसली. तारीख सांगितली, गाव सांगितलं. वेळ मात्र मनानंच ठोकून दिली. "पहाटे चार वीस. लिहून घे!"

त्यानं खरंच लिहून घेतलं.

मार्चमध्ये एकदा तो शेजारी येऊन बसला.

"मे महिन्यात घरी जातोय. आईनं चार मुली बघून ठेवल्यात."

यामिनी त्याच्याकडे वळली. "आणि मी—?"

"तुझी पत्रिका पाठवली होती गं. छत्तिसातले नऊच गुण जुळले. आई नको म्हणाली." "मला तूच हवी होतीस..."

"ती वेळ खोटी होती, सिद्धेश. थाप होती."

त्याचा चेहरा एकदम उजळला. त्यानं फोन काढला. "मग खरी सांग ना! आत्ताच कळवतो. जुळली तर—"

"आणि नाही जुळली तर?"

त्यानं फोनमध्ये आईचा नंबर शोधला.

"सांग ना वेळ," तो हळूच म्हणाला.

तिनं बस थांबवायची दोरी ओढली. "मी केव्हाची हो म्हणायला बसले होते. तू मला विचारलंच नाहीस रे."

ती उतरली. बस सुटली. काचेआड तो फोन कानाला लावून बोलताना दिसला... तिच्या खिशातला फोन काही वाजला नाही.