परण्याची घोडी

साल अठ्ठ्याऐंशी. त्या साली आषाढात पावसाने जी धार धरली ती सोडायला तयार नव्हती. सेलूच्या भिंतीभिंतींवर नामांतराच्या घोषणा लिहिलेल्या होत्या आणि पावसाने त्यांचा रंग ओघळून पार खाली आला होता. त्या दिवशीही बंद होता. दुकानांच्या फळ्या लागलेल्या, रस्त्यावर ना रिक्षा ना टांगा, आणि कोकिळा आपल्या भाचीला कडेवर घेऊन दवाखान्यातल्या कॅम्पावरून पायी घरी निघाली होती.

भाची म्हणजे मनकर्णा, थोरल्या भावाची मुलगी. सहा वर्षांची झाली तरी तिला आधाराशिवाय बसता येत नव्हतं. पाय लाकडासारखे ताठ, एकमेकांत अडकलेले. मान सावरायला गेलं की कंबर कलंडायची. अशा पोरीला कडेवर घेऊन चालणं म्हणजे पाण्याने भरलेली घागर तिरकी धरून चालणं. पण घरात कोकिळेचंच तिच्याशी जमायचं. कोकिळाही एका जागी बसणारी नव्हती. जेवताना उठायची, वेणी अर्धी घालून खिडकीशी जायची, बी.ए.चं पुस्तक उघडं टाकून गच्चीवर फिरायची. वहिनी, म्हणजे मनूची आई सुमनबाई, तिला भिंगरी म्हणायची. "एकीला बसता येत न्हाई अन् दुसरीला बसवत न्हाई. छान जोडी जमलीय."

मागून टापांचा आवाज आला. कोकिळेने वळून पाहिलं. पांढरीशुभ्र घोडी, आणि तिच्यावर पोत्याची खोळ पांघरलेला एक तरुण. ताठ बसलेला, जणू घोडीतूनच उगवलेला.

"द्या पोरीला वर," तो म्हणाला.

"घोडीवर? तिचं काय लग्न आहे?"

"लगीन सध्याला कुणाचंच न्हाई. देव झोपल्येत, कार्तिकात उठतेत. तवर ही बी मोकळी, मी बी मोकळा."

"तुम्ही मोकळे आहात का, हे मी विचारलं नव्हतं."

"म्हणून तर आपणहून सांगितलं."

कोकिळेला हसू आलं... ते तिने मनूच्या केसांत लपवलं. तेवढ्यात तो खाली उतरला, आणि तिचं हसू थांबलं. त्याचा डावा पाय पोलिओने वाळलेला होता. घोडीवर राजबिंडा दिसणारा माणूस जमिनीवर आला आणि एका अंगाने खचला. तिची नजर त्या पायावर गेली तशी त्यानेही ती पाहिली.

"बघून घ्या निवांत," तो म्हणाला, "मग निघू."

कोकिळेचे कान तापले. पण त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याने मनूला अलगद उचलून घोडीच्या उघड्या पाठीवर ठेवलं आणि एक हात तिच्या कमरेशी धरला. घोडी चालू लागली. कोपऱ्यावरच्या वडापर्यंत गेल्यावर मनू अडखळत म्हणाली, "आत्या... गरम हाय." आणि कोकिळेने पाहिलं तर पोरीचे ताठ पाय घोडीच्या पोटाशी दोन्ही बाजूंना सैल लोंबत होते. सहा वर्षांत असे सुटे पाय कुणी पाहिले नव्हते.

त्याचं नाव व्यंकटी. आईबाप दर साली ऊसतोडीला जायचे. या पायाने कोयता चालवणं व्हायचं नाही, म्हणून ते त्याला सेलूत मामाजवळ ठेवून गेले होते. मामा सूर्यभान लग्नाला घोडी द्यायचा. आपल्याकडे लग्नाआधी नवरदेवाला घोडीवर बसवून वाजतगाजत मारुतीला नेतात, तो परण्या. तालुक्यातल्या बहुतेक परण्यांना सूर्यभानची बिजली असायची. बँड लागला की बिजली अशी नाचायची की लोक नवरदेवाला सोडून तिलाच बघायचे. लगाम धरून पुढे लंगडत चालणारा व्यंकटी मात्र कुणाला दिसायचा नाही.

पुढच्या कॅम्पाला कोकिळेने ही गोष्ट व्यायाम शिकवायला येणाऱ्या कमलबाईंच्या कानावर घातली. त्या मोठ्या हौशी बाई. म्हणाल्या, परदेशात असल्या मुलांना मुद्दाम घोड्यावर बसवतात, घोड्याच्या चालीने पाठ आपोआप सावरायला शिकते. जीन नको, गोधडीची घडी घाला, दोन्ही बाजूंनी दोन माणसं चालू द्या, आणि घोडी शांत हवी... अगदी शांत.

झालं. कापूस दिवाळीनंतरच यायचा, तोवर जिनिंगचं आवार ओस पडलेलं असायचं. तिथे शनिवारी घोडी फिरू लागली. आधी एकटी मनू. मग कुंभाराचा न बोलणारा मुलगा, मग चुडाव्याहून रेल्वेने येणाऱ्या दोघी बहिणी, मग आणखी कुणी कुणी. आईबाप कुंपणाशी उभे राहून बघायचे. कुंपणाच्या तारांना गेल्या साली अडकलेला कापूस भिजून चिकटलेला असायचा, हवेत सरकीचा वास असायचा, आणि घोडीच्या एका बाजूने व्यंकटी व दुसऱ्या बाजूने कोकिळा चालायची. मध्ये घोडी असल्यामुळे एकमेकांचे फक्त डोळे दिसायचे, तेही ज्याने त्याने मान वर केली तरच. दोघांच्याही माना फार दुखत असल्या पाहिजेत.

पोरं कलंडायची. कुणी कलंडलं की व्यंकटी "हो... हो..." करून घोडी थांबवायचा. श्रावण सरेपर्यंत असं झालं की त्याने काही म्हणायची गरजच उरली नाही. पाठीवरचा जीव जरासा ढळला की बिजली आपणहून जागच्या जागी थांबायची. आवाजाने पोरं दचकतात, घोडीने दचकू नये, म्हणून तो पोरांच्याच हाती ताटं-पळ्या देऊन तिच्याभोवती वाजवायला लावायचा. पहिल्यांदा बिजली थयथय नाचली. मग नुसते कान हलवू लागली. मग तेही नाही.

"तुमी बी बसून बघा की एकदा," एके शनिवारी पोरं गेल्यावर तो म्हणाला.

"मी? लोक काय म्हणतील?"

"लोक घरी गेलेत. पाऊस यायलाय."

ओट्यावरून ती चढली. खालून घोडीची ऊब लागली. ती बसली... पण घोडी हलेना. टाच लावली, चुचकारलं, तरी ढिम्म.

"हिला काय झालं?"

"हिला न्हाई, तुमाला. किती हलायलाव."

"मी कुठं हलले? पुतळ्यासारखी बसलेय."

"अंगानं बसलाव." त्याने घोडीच्या मानेवर हात ठेवला. "आत कायतरी पळायलंय तुमच्या. माणसाला कळत न्हाई, तिला कळतंय."

कोकिळा उतरली आणि पावसात तशीच घरी गेली. त्या रात्रीपासून तिची भिंगरी दुप्पट फिरायला लागली. आणि आता ती कशाभोवती फिरतेय, हे तिचं तिला कळलं होतं.

दसऱ्याला परभणीचं स्थळ आलं. बन्सीधर, पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. मुलगा सालस होता, त्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि कोकिळेला नेमका त्याचाच राग आला. पाटावर ती मान खाली घालून इतकी निश्चल बसली की पाहुणे म्हणाले, किती शांत मुलगी. वहिनीला ठसका लागला. वडील, किशनराव, चार गावांत शब्दाला किंमत असलेला माणूस, त्यांनी तुळशीच्या लग्नानंतर सुपारी फोडायचं कबूल केलं.

शनिवारी घोडीच्या पलीकडून व्यंकटी म्हणाला, "ऐकलं... परभणी."

"कुणी सांगितलं?"

"मामा. तुमच्या लग्नाला घोडी आमचीच सांगितलीय म्हने." त्याने घोडीच्या मानेवरून हात फिरवला. "लगाम मीच धरंन. दुसऱ्याच्या हाती ती नाचत न्हाई."

"तुम्हाला चालेल?"

"चालायला काय... मी तर लंगडतच चालतो," तो हसला. पण डोळे घोडीच्या पाठीवरून वर आले नाहीत.

दिवाळी झाली. जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या येऊ लागल्या, आवार पांढरंशुभ्र झालं, पोरांना जागा उरली नाही. तुळशीचं लग्न लागलं, देव उठले. पहिलीच तिथी कोकिळेच्या चुलतभावाची, पंडितची. सगळं गाव परण्याला लोटलं. पंडित फेटा सावरत बिजलीवर चढला, बँड दणाणला... आणि बिजली शहाण्या पोरीसारखी सरळ चालू लागली. नाच नाही, थयथय नाही. पंडितने मित्रांना हात करायला अंग झुकवलं. बिजली थांबली. तो नीट बसला. बिजली चालली. मावशीला वाकून नमस्कार केला. बिजली पुन्हा थांबली. मारुती हाकेच्या अंतरावर, पण तिथे पोचता पोचता बँडवाल्यांची सगळी गाणी संपली.

"सूर्यभानराव, नाव बिजली ठेवलं अन् लाईट गेली की हो!"

"तेल टाका तिच्यात!"

माणसं पोट धरून हसली. सूर्यभानचं तोंड काळंठिक्कर पडलं. तो व्यंकटीजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "तू माझ्या घोडीची म्हैस केलीस. माळेगावच्या यात्रेत इकून टाकतो तिला. अन् तू जा बापामागं उसात."

त्या गर्दीत दोनच माणसं हसली नव्हती. एक कोकिळा. दुसरे किशनराव. शनिवारी एकदा ते कुणालाही न सांगता जिनिंगच्या कुंपणाशी उभे राहिले होते. नात कलंडताना आणि घोडी थांबताना त्यांनी पाहिली होती.

माळेगावला निघायच्या सकाळी व्यंकटी बिजलीला खरारा करत होता. कोकिळा सूर्यभानच्या दारी आली. केस मोकळे, एका हातात वेणीचा अर्धा पेड तसाच.

"तुम्हाला ठाऊक होतं ना?" तिने विचारलं. "असं शिकवलं तर ती परण्याला नाचायची नाही?"

"व्हय."

"मग?"

"मग काय... नाचणाऱ्या घोडीवरनं मनू पडली असती."

"पोटावर पाय आला ना पण तुमच्या."

"आदीच एक वाळलेला हाय, त्याचं काय यवढं." मग खराऱ्याकडे बघत म्हणाला, "खरं सांगू? तुमच्या परण्याला तिनं नाचावं असं मला वाटतच न्हवतं."

कोकिळा ओट्यावर चढली, आणि पदर खोचून बिजलीच्या पाठीवर बसली. व्यंकटीने लगाम धरला नव्हता. तिने टाचही लावली नाही.

बिजली चालू लागली.

अंगणातून फाटकापर्यंत, फाटकातून रस्त्यावर, एकदाही न अडखळता. व्यंकटी भान येऊन मागे धावला, म्हणजे त्याला जेवढं धावता येई तेवढा. "अहो... अहो कोकिळाबाई, चालली की ती..."

"मग? आता आत काही पळत नाहीये माझ्या."

"कुठं निघालाव?"

"घरी. अण्णांना सांगायला. तुम्ही येता, की माझा परण्या मी एकटीनंच काढू?"

त्याने लगाम धरला. भर सकाळी किशनरावांची मुलगी घोडीवर बसून बाजारातून गेली. पुढे व्यंकटी लंगडत होता, आणि तो कुणाला दिसला नाही असं त्या दिवशी झालं नाही.

किशनराव ओसरीवर बसले होते. मांडीवर मनू. घोडी बघून ती आजोबांचा हात सोडून सरळ बसली... एकटी, कशाचाही आधार न घेता. किशनरावांनी आधी नातीकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"अण्णा, परभणीला नाही म्हणून कळवा."

वहिनी दारात पोळपाट धरून उभी राहिली होती.

"घोडी यात्रेला जाणार न्हाई," किशनराव व्यंकटीला म्हणाले. "सूर्यभानला म्हणावं, माझ्या गोठ्यातला गोऱ्हा घेऊन जा बदल्यात. हिला हितं बांध. शनिवार चालू दे." आणि उठताना, "तुझं मी काही बोललो न्हाई. फकस्त घोडीचं बोललो."

ते घोडीचंच दीड वर्ष बोलत राहिले. गोठा त्यांचा, घोडी त्यांची, आणि रोज तिला बघायला येणारा व्यंकटी कुणाचाच नाही. कोकिळेने त्या दीड वर्षात बी.ए. केलं आणि आलेली तीन स्थळं परत पाठवली. मग एका संध्याकाळी किशनराव जेवता जेवता म्हणाले, "त्या घोडीवाल्याला म्हणावं, किती दिवस बाहेर उभा राहणार. ओसरीवर ये."

लग्नात बिजलीवर प्रथमच व्यंकटी नवरदेव म्हणून बसला. मारुतीपर्यंत नीट गेला. मग मांडव दिसला, आणि बिजली थांबली. लोकांनी ढकललं, बँडवाल्यांनी जोर केला, मुहूर्त टळायला आला. तालुक्याला बसायला शिकवणारा माणूस त्या दिवशी आतून हलत होता. शेवटी कोकिळा मुंडावळ्यांसकट मांडवातून बाहेर आली आणि तिने लगाम धरला.

"चला," ती हळूच म्हणाली. "घाबरायला काय झालं? मी आहे ना धरलेलं."

बिजली तिच्या मागून मुकाट चालत आली.

बन्सीधरचं लग्न नांदेडच्या एका डॉक्टरीणबाईंशी झालं. पुढे त्याने आपल्या बहिणीच्या मुलाला शनिवारच्या घोडीसाठी आणलं, आणि कोकिळेने त्याला दोनदा चहा पाजला. सूर्यभानने माळेगावहून नवी नाचरी घोडी आणली. ती एका नवरदेवाला नाल्यात टाकून पळाली, तेव्हापासून तो बिजलीचं नाव आदराने घ्यायचा. कमलबाई निवृत्त होईपर्यंत दर महिन्याला आल्या. किशनराव गेले ते जावयाच्या हातचं पाणी पिऊन. मनू कुबड्या घेऊन का होईना, शाळेत गेली, मॅट्रिक झाली. आता पोस्टात बसते, आणि बसण्याचीच नोकरी मिळाली म्हणून सगळ्यांना हसवते. बिजली म्हातारी होऊन गोठ्यातच गेली. जिनिंगमागच्या लिंबाखाली तिला पुरली.

व्यंकटीला जाऊन आता सहा वर्षं झाली. शनिवार चालूच आहे, घोडी तिसरी आहे. आणि कोकिळाबाई साठीला टेकल्या तरी अजून जेवता जेवता उठतात, वेणी अर्धी घालून खिडकीशी जातात. फक्त शनिवारी सकाळी लिंबाखालच्या ओट्यावर येऊन बसतात, पोरं फिरून संपेपर्यंत, अजिबात न हलता.