तीन राण्या आणि नऊ मिनिटं

"राणीसाहेब, तुमचे डूल वाजतायत!"

स्पीकरमधून आवाज आला आणि गायिका दचकलीच. ती आत्ता कुठे मायक्रोफोनपाशी पोचली होती. काचेपलीकडे, बटणांच्या टेबलामागे, विस्कटलेल्या केसांचा रेकॉर्डिस्ट तिच्याकडे पाहत होता.

"मी अजून तोंडसुद्धा उघडलं नाहीये," ती म्हणाली.

"म्हणून तर डूल ऐकू आले. मान हलली की किणकिणतात."

तो बाहेर आला, तळहात पुढे केला. तिने डूल काढून ठेवले. बोटं जराशी लागली... आणि दोघंही उगाचच पियानोकडे बघू लागली. पियानोपाशी साथीला बसलेल्या तिच्या मावशीने मात्र बरोब्बर पाहिलं.

तीन दिवसांत इटालियन ऑपेरातल्या तीन राण्या गायच्या होत्या, प्रत्येकीची तीन गाणी. लांब दमाची, मुरक्यांनी भरलेली, भल्याभल्यांना घाम फोडणारी. पहिलं गाणं संपलं आणि स्पीकर म्हणाला, "आता एक मिनिट शांतता."

"का? कोण गेलं?"

"राणी तिसऱ्या गाण्यात मरते, चारच्या सुमाराला जाईल. ही खोलीची शांतता. दोन तुकडे जोडताना मध्ये भरायला लागते. हलू नका हं!"

ती हलली नाही. नेमकी तेव्हाच नाकाला खाज सुटली. काचेतून तो बघत होता, आणि आपण त्याच्याकडे का बघतोय हे तिचं तिलाच कळेना.

मग हे दर गाण्यानंतर सुरू झालं. गाणं, की शांतता. संध्याकाळी तो खिशातून डूल काढून द्यायचा, सकाळी पुन्हा मागून घ्यायचा. एवढी शांतता हा माणूस भरतो तरी कुठे? या प्रश्नाने तिची झोप उडाली.

तिसऱ्या दिवशी जेवताना तिने मावशीला विचारलंच.

"अगं, एका खोलीला एक मिनिट पुरतं," मावशी म्हणाली. "तीस वर्षं वाजवतेय मी. एवढी शांतता गोळा करणारा हा पहिलाच!"

"मग... विचारू त्याला?"

"विचार की! उद्या सकाळी गाडीत बसल्यावर मला विचारून काय उपयोग? पुढच्या गावातलं काम पंधरवड्याने सुरू व्हायचंय, पण तुला आधीपासूनच पळायची घाई."

विचारायचं म्हणे! आणि त्याचं उत्तर अगदीच रुक्ष निघालं तर? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून ती गप्प राहिली.

पण तिसरी राणी मोठी वाईट भेटली. एका सरदारावर जीव जडला तेव्हा राणीपणाच्या तोऱ्यात एक शब्द बोलली नाही. तो दुसरीचा झाल्यावर मुकुट उतरवून सलग वीस मिनिटं गायली! शेवटचा सूर सोडताना गायिकेच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला त्या राणीचा भयंकर राग आला होता.

"झालं," स्पीकर हलकेच म्हणाला. तो बाहेर आला आणि डूल तिच्या हातात ठेवले. तिने ते घातले. तो आत गेला, खुर्चीत बसला, घसा खाकरला.

"एक मिनिट... शांतता."

डूल काढा म्हणायला तो विसरला होता. माशीचा पंखही ऐकू जाणारा माणूस! तिला एकदम धीर आला. तिने स्वरलिपीचा कागद उलटा केला, पेन्सिलीने लिहिलं आणि काचेसमोर धरला.

"एक मिनिट पुरतं म्हणे. मग नऊ कशाला?"

तो कानापर्यंत लाल झाला. मग वाकून त्यानेही लिहिलं.

"एरवी तुमच्याकडे इतका वेळ बघत बसलो असतो, तर चाललं असतं?"

खाली, घाईघाईत, आणखी एक ओळ होती. "गाडी परवाही असते. तेरवाही."

तोंडातून शब्द काढायची सोय नव्हती. तिने होकारार्थी मान हलवली. एकदा, मग चांगली दोन-तीनदा. त्या गच्च शांततेत डूल किणकिणले, आणि हेडफोनमध्ये ते ऐकताना त्याने डोळे मिटून घेतले.

"शांतता बिघडली," बऱ्याच वेळाने स्पीकर म्हणाला.

"मग पुन्हा घ्या," ती म्हणाली.

मावशीने पियानोचं झाकण लावलं. "घ्या, घ्या. मी तिकीट बदलून येते."