वाडग्यातल्या किल्ल्या

खण्ण...

दाराजवळच्या पितळी वाडग्यात किल्ल्या वाजल्या. साऱ्या घरात तेवढाच आवाज.

हे खरं आहे. गेल्या डिसेंबरात, दूर उत्तरेच्या बर्फातल्या स्वप्पावारा गावात, आमच्याच घरात घडलंय. आमची लेक टुवा झोपली आहे, तेवढ्यात लिहून काढते.

माझा नवरा सिक्स्टेन पाठीवर यंत्र घेऊन रान तुडवतो. बर्फाखाली, खडकाखाली लोखंड कुठे दडलंय ते त्या यंत्राला कळतं. म्हणून त्याच्या अंगावर लोखंडाचा कणही चालत नाही. किल्ल्या, सुरी, पट्ट्याचं बक्कल... सगळं वाडग्यात काढून जायचं. आल्यावर आधी तेच उचलायचं.

त्या सकाळी सासूबाई दारातच आडव्या आल्या.

"निदान सुरी तरी ने रे. लोखंडाशिवाय रानात जाणं म्हणजे जमिनीखालच्यांना आवतणच; माणूस नेऊन त्याच्या रूपात आपलाच कोणी धाडतात ते. तुझ्या पाळण्यात कात्री ठेवायचे मी, ती काय उगाच?"

"आई, सुरी नेली तर यंत्र तिलाच खाण समजेल! मग खोदा माझाच खिसा."

हसत गेला.

दुपार होती, पण आमच्याकडची डिसेंबरातली, सूर्य न उगवणारी. बाहेर काळोखच. तेव्हा वाडगा वाजला.

"आलास? कॉफी ठेवते."



जाऊन पाहिलं. दार आतून बंद. किल्ल्या वाडग्यातच... अजून हलत होत्या.

तासाभराने दारावर थाप पडली.

तोच. बर्फाने माखलेला. सुखरूप.

दुसऱ्या दिवशी त्याचा सोबती इंग्वे आला.

"अगं, तुझा नवरा उडतो की काय? त्याच्या स्कीच्या रेघा ओढ्यापाशी थांबतात. पुढे बर्फ कोरा. मग पलीकडून पुन्हा सुरू! आणि नेमकं तिथेच खाली लोखंड. केवढं तरी!"

खाण सापडली म्हणून त्यांच्या ऑफिसात केक कापला. मीही खाल्ला. चव आठवत नाही.

किल्ल्या अजून वाडग्यातच आहेत. सुरीसुद्धा.

तो कमरेला दोरी बांधतो. लाकडी चमच्याने जेवतो. दार मीच उघडते.

विचारलं नाही. विचारलं... आणि त्याने सांगितलं तर?

टुवाचे मोजे रोज छातीशी धरून उबदार करतो, मग तिच्या पायात घालतो. आधी त्याला हे कधी सुचलं नव्हतं.

सासूबाई आता येत नाहीत. शेवटच्या आल्या तेव्हा टुवाच्या उशीखाली कात्री सरकवून गेल्या.

मी ती काढलेली नाही.

काल तो खिडकीशी बसला होता. टुवाने वाडगा उचलून त्याच्यापुढे धरला.

तो हसला... आणि हात मागे घेतला.

ती वाडगा घेऊन माझ्याकडे आली. कानाशी लागून हळूच म्हणाली,

"आई... ह्या घ्यायला बाबा कधी येणार?"