टर्मिनलवरचं नेलपॉलिश

त्यांची ओळख झाली, ती त्याच्या व्हॅनने तिच्या दुकानाचं दार अडवलं म्हणून.

बॅटरी-वायरिंगच्या दुकानाचं शटर तिने नुकतंच वर सारलं होतं. समोर ही व्हॅन! मागे रोपांचे ट्रे खचाखच भरलेले, पुढे घामाघूम झालेला रोपवाटिकेचा माणूस. तो किल्ली फिरवत होता आणि इंजिन नुसतं ‘टक्’ म्हणून गप्प बसत होतं.

“मेली वाटतं बॅटरी,” तो म्हणाला.

“बघितल्याशिवाय मारू नका तिला.” तिने बॉनेट उघडलं. बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर, म्हणजे वायरी जोडतात त्या टोकांवर, पांढरी-निळसर पूड साचली होती.

“बापरे, बुरशी! आमच्या रोपांकडून लागण झाली की काय?”

“बुरशी नाही. आतल्या ॲसिडची वाफ हळूहळू बाहेर येते आणि धातूला खाते. त्याचा हा क्षार. तो मध्ये बसला की वीज जाणार कुठून?”

तिने आधी काळी वायर सोडवली, मग लाल. खाण्याचा सोडा घातलेलं कोमट पाणी ओतलं, तशी पूड फसफसत वर आली. तो बघायला इतका पुढे वाकला, की त्याच्या शर्टाला येणारा ओल्या मातीचा वास तिला जाणवला.

“काढताना काळी आधी, लावताना काळी शेवटी,” ती उगाचच मोठ्याने म्हणाली. “उलटं केलंत आणि पाना गाडीच्या बॉडीला टेकला, तर ठिणगी उडेल.”

तारेच्या ब्रशने घासून, कोरडं करून, वायरी घट्ट आवळून तिने वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर बोटाने फिरवला. तो टर्मिनलाकडे बघतच नव्हता. बोटाकडे बघत होता.

त्यानंतर ती व्हॅन वरचेवर आजारी पडू लागली. कधी हॉर्नचा घसा बसे, कधी इंडिकेटर आळशी होई. काम झालं की तो म्हणे, “जाता जाता बॅटरी पण बघता का?” आणि ती बघत असे. पुसून, नव्याने जेली लावून देत असे. तिचे बाबा आतून म्हणायचे, “या गाडीला गावात दुसरं दुकान दिसत नाही वाटतं!” कुणी काही बोललं नव्हतं… फक्त बॅटऱ्यांत पाणी घालायचं काम ती हल्ली रस्त्याकडे तोंड करून करायला लागली होती.

आणि आज तो आला तेव्हा व्हॅन सुरळीत चालत होती. तो मात्र अडखळत होता.

“काय बिघडलंय?” तिने विचारलं.

“तसं… बिघडलं काही नाही. म्हणजे मला—”

“बॅटरी बघते.” तिने बॉनेट उघडलं आणि तिचा हात तसाच थांबला.

दोन्ही टर्मिनलं लख्ख होती. वायरी आवळणाऱ्या क्लॅम्पवर, नटावर एकसारखा, गुळगुळीत, गुलाबी थर. नेलपॉलिश!

तिने त्या थरावरून नख ओढून पाहिलं.

“हे कुणी केलं?”

“आमच्याकडे कुंड्या रंगवायला एक नवीन आलीय, तिने. हात फार सफाईदार आहे तिचा.”

“दिसतंय ना.”

“नेलपॉलिशने हवा लागत नाही म्हणे. बरोबर आहे का?”

“बरोबर आहे.” हे दोन शब्द तिला ओढून ओढून काढावे लागले. तिने क्लॅम्प हलवून पाहिला. हलला नाही. मीटर लावला. काटा जिथे असायला हवा तिथेच जाऊन उभा राहिला. त्या बाईने निदान आत, वायर टेकते तिथे तरी रंग लावला असेल, म्हणजे वीज अडेल, म्हणजे चूक काढता येईल! वाकून पाहिलं. तेवढंही नाही. रंग सगळा बाहेरून, काठाकाठाने. आपण सोडून दुसऱ्या कुणीतरी या बॉनेटखाली डोकं घातलं होतं, आणि तेव्हाही हा असाच जवळ वाकून उभा असणार…

“आतून बघावं लागेल,” ती म्हणाली आणि पाना लावला.

फट्! पाना बॉडीला टेकून पांढरी ठिणगी उडाली. पाना तिच्या हातून निसटून खाली पडला.

“काय गं झालं?” बाबा आतून ओरडले.

“काही नाही, बाबा!”

तिने लाल वायर आधी सोडवायला घेतली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“लागलं का?” त्याने तिचा हात धरला, उलटापालटा करून पाहिला, पण सोडला नाही. “तुम्ही लाल आधी? तुम्ही?”

“लक्ष नव्हतं.”

“कुठे होतं?”

“कुंड्यांत!”

तो आधी गोंधळला, मग हळूच हसला. “ती मुद्दाम करून गेली हे. म्हणाली, आता वर्षभर काही होणार नाही. आता त्या दुकानात जायला तुला कारणच उरलं नाही.” पुढचं त्याने एका दमात सांगितलं. “एका संध्याकाळी माझ्याबरोबर फिरायला येतोस का, असंही विचारलं.”

“मग? जा ना. हात सफाईदार आहे.”

“नाही म्हणालो. आणि आठवडाभर विचार केला. हॉर्न चांगला आहे, इंडिकेटर चांगला आहे, बॅटरी चांगली आहे… काहीही बिघडलेलं नसताना मला इथे यायचंय. तेच सांगायला आलोय.”

रस्त्यावरून एक ट्रक धडधडत गेला. तिने मग आपला हात सोडवून घेतला आणि तारेचा ब्रश घेतला.

“हे काय करताय?”

“खरवडून काढणार आहे ते गुलाबी.”

“बरोबर आहे म्हणालात ना?”

“काम चांगलंच आहे. म्हणूनच.” तिने खाली पडलेला पाना उचलला. कान लाल झाले होते, पण आवाज स्थिर होता. “या गाडीच्या बॉनेटखाली माझंच काम राहील. तिला सांग तसं.”

“सांग?” त्याने ते एकेरी अलगद झेललं. “सांगतो. पण तू जेली लावलीस की पूडही साचणार नाही. मग मी काय म्हणून येऊ?”

“काही म्हणू नकोस,” ती म्हणाली. “नुसता ये.”