सकाळी अकराचा फोन

तातडीच्या मदतीच्या कचेरीत रोज सकाळी अकराला एका मेलेल्या बाईचा फोन येत होता.

ती जाऊन तीन आठवडे झाले होते. साहेबांनी तपास केला, तर नंबर तिच्याच नावावर निघाला. फोन उचलायला कुणी धजेना, तेव्हा त्यांनी चौकशी अधिकारी बाईंना बोलावलं. सगळ्यांत जुनी ऑपरेटर म्हणाली, की त्या गरोदर बाईचा जिवंतपणी इथे कधी फोन आलाच नव्हता. नोंदवहीतही काही नव्हतं.

अकराला बाईंनी स्वतः फोन घेतला.

"मी एकटीच आहे. दम लागतोय." शांतता. "सातवा." पुन्हा शांतता. "नाही, कुंपणाच्या अलीकडेच. या ना लवकर."

मागे कारखान्याचा भोंगा वाजत होता.

नंबरचा पत्ता सरहद्दीच्या कुंपणाला टेकलेल्या पत्र्याच्या वस्तीचा होता. बाई सातवा बोळ शोधत फिरल्या. तिथे बोळच नव्हते. नळ नाही, दिवा नाही. भोंगा कधी होतो, असं त्यांनी एका म्हातारीला विचारलं. दुपारी दोनला, दिवसातून एकदाच, असं सांगून तिनं त्या बाईच्या नवऱ्याचं घर दाखवलं.

त्याच्यापुढे दोन फोन होते.

"तिच्या फोनवरून कचेरीत फोन लावता आणि दुसऱ्यावर तिचं रेकॉर्डिंग वाजवता ना?"

त्यानं मान डोलावली. तिच्या फोनमध्ये फक्त तिच्याच बाजूचं बोलणं उतरलं होतं. तो कामावरून आला तेव्हा ती थंड पडली होती. कचेरीत जाऊन त्यानं तिचा नंबर आणि ती गेल्याचं एवढंच सांगितलं, तर असा फोन आलाच नाही म्हणाले.

"आणि सातवा म्हणजे?"

"महिना."

बाई तडक कचेरीत परतल्या. साहेबांसमोर त्यांनी जुन्या ऑपरेटरला बसवलं.

"अकराच्या फोनमागे दोनचा भोंगा होता, म्हणजे बोलणं जुनं. मधे मधे ती थांबते, म्हणजे तिला कुणीतरी प्रश्न विचारत होतं. ती गरोदर होती, हे त्या बोलण्यात कुठेच नाही. साहेबांनाही फक्त नाव, पत्ता आणि ती गेल्याचं कळलं होतं. 'कितवा महिना' हे ज्यानं विचारलं, त्यालाच ते माहीत. आणि तुम्ही तिला गरोदर बाई म्हणालात."

ऑपरेटरनं भिंतीवरच्या नकाशाकडे बोट दाखवलं.

"नकाशावर ती जागा कोरी दिसते, मॅडम. कोऱ्या जागेत गाडी पाठवत नाहीत. ती गेल्याचं कळल्यावर मी नोंद काढून टाकली."

"पाठवू नका, असं कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही. आम्ही सगळ्या तसंच करतो."

साहेबांनी मान खाली घातली.

संध्याकाळी बाईंनी हे वस्तीत जाऊन तिच्या नवऱ्याला सांगितलं. शिक्षा काय होईल, हे त्यानं विचारलं नाही.

"म्हणजे तिचं बोलणं तिकडे ऐकू गेलं होतं?"

"हो," बाई म्हणाल्या. "सगळं ऐकू गेलं होतं."