नंदिनीच्या घराच्या विटा

"विटा गेल्या! चादरीसकट!" धम्मदीप ओरडतच गच्चीवरून खाली आला.

वैभवी आणि पुष्कर उडालेच! संध्याकाळी त्यांची मैत्रीण नंदिनी मनीषनगर सोडून कायमची पुण्याला निघणार होती. तिच्या लाल विटांच्या घरासारखंच बाहुलीघर तिला द्यायचं, असा गुप्त बेत होता. पुठ्ठ्याच्या भिंती तयार होत्या. माती पोळीसारखी लाटून, पट्टीनं कापून, जुन्या टूथब्रशनं टोचून खरखरीत केलेल्या नखाएवढ्या विटा तेवढ्या वाळायच्या होत्या.

तिघंही वर धावली. गच्चीवर शेजारचे गणपतराव काका सकाळपासून दुसऱ्या चादरीवर वाळत घातलेल्या काकूंच्या मूगडाळीच्या मुंगवड्या राखत बसले होते. राखताना ते सहसा डोळे मिटून घेत.

"काका, आमच्या विटा?"

"माकडं घेऊन गेले गा! मी सोता पाह्यलं!"

"आणि मुंगवड्या?"

"त्या मी मग डब्यात भरून घरी दिल्या."

"म्हणजे माकडांनी मुंगवड्या सोडून माती नेली?"

"आजकालचे माकडं!" काका म्हणाले.

काकांच्या नाकावर चष्मा नव्हता. बोटं मात्र लाल मातीनं माखलेली होती! वैभवीनं धम्मदीपला डोळा मारला आणि मोठ्यानं म्हणाली, "बिचारी माकडं! मातीत वाळवीचं औषध होतं ना रे?"

"अर्धी बाटली!" धम्मदीपनं मान हलवली.

काका चपला विसरून जिना उतरले. मुलं मागोमाग!

"चारू, भाजी उतरव! वड्यांत विटा आहेत!"

चारुलता काकूंनी शांतपणे गॅस बंद केला. "तरीच मी म्हणून राहिली, रस्सा एवढा गढूळ काहून झाला!"

झोपेतून दचकून उठलेल्या काकांनी दोन्ही चादरी एकाच डब्यात झटकल्या होत्या.

"औषध खोटं होतं, काका," वैभवी म्हणाली.

"माकडंही खोटेच होते," काकांनी कबूल केलं.

मग काय धांदल! चष्मा लावून काका डब्यातल्या विटा निवडायला आणि भिंतींवर चिकटवायला बसले.

"काका, वरची वीट खालच्या सांध्यावर! नाहीतर भिंत खोटी वाटते," धम्मदीप म्हणाला.

"हो, मिस्त्रीसाहेब!"

काही विटा रश्श्यात विरघळल्यामुळे कमी पडल्याच. पण पुष्कर ओरडला, "मागच्या भिंतीला प्लॅस्टर करा! खऱ्या घरालाही आहेच की!"

सांध्यांत शेवटची चिमूटभर रेती भरली आणि खाली नंदिनीच्या गाडीचा हॉर्न वाजला! सगळे घर घेऊन धावले.

नंदिनीचे बाबा बांधकामाचे ठेकेदार. त्यांनी भिंतीवरून बोट फिरवलं. "शाब्बास पोरांनो! एवढे सरळ सांधे माझ्या साइटवरही दिसत नाहीत!"

"आणि देखरेख कोणाची?" काकांनी कॉलर ताठ केली.

"झोपून!" काकू म्हणाल्या.

नंदिनीनं इवल्याशा खिडकीला डोळा लावला. "माझी खोली!"

गाडी सुटली, तेव्हा सगळं सामान डिकीत होतं. घर मात्र तिच्या मांडीवर होतं.