शून्यावरचा काटा

शौनक केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये शिरला तो वायरी जोडायच्या चार क्लिपा मागायला. अंधेरीच्या त्या ज्युनियर कॉलेजात तो कालच तीन महिन्यांसाठी फिजिक्स शिकवायला आलेला. त्याला ओळखणार कोण?

"आलात? हा नॉब धरा," वर्गाला प्रयोग दाखवणाऱ्या केमिस्ट्रीच्या गंधालीनं मान वर न करताच सांगितलं. "मी म्हणेन तसा फिरवा."

नवा लॅब असिस्टंट समजली बिचारी. त्यानं निमूट धरला.

समोर सेल मांडलेला. एका पात्रात जस्ताची पट्टी, दुसऱ्यात तांब्याची, मध्ये प्रवाह दाखवणारा काट्याचा मीटर.

"हा सेल आपल्या ओढीनं चाललाय. जस्त झिजतंय, तांबं चढतंय. आता बाहेरून उलटं व्होल्टेज लावू… हं, हळू. बघा, काटा उतरतोय. पण विरोध कमी आहे तोवर सेल आपलंच खरं करणार… एक पूर्णांक एक व्होल्ट. थांबा."

काटा शून्यावर आला. बुवांनी टाळ थांबवावेत आणि सभामंडपात नुसते श्वास उरावेत, तसा वर्ग गप्प झाला. काय वाणी दिली होती देवानं तिला! ऐकता ऐकता शौनकचा हात पुढे सरकला, काटा पलीकडे गेला.

"अहो, थांबा म्हटलं ना? आता तांबं झिजायला लागलं."

"मिस," जानकी नावाची मुलगी हळूच म्हणाली, "हे फिजिक्सचे नवीन सर आहेत."

गंधालीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

मग काय, शौनकला रोज एक क्लिप कमी पडू लागली. तिचे बाबा दर गुरुवारी सांताक्रूझच्या देवळात कीर्तन करतात आणि पेटीला ती असते, हे कळल्यावर तो शेवटच्या रांगेत जाऊन बसू लागला.

"फिजिक्सवाल्यांना देव लागतो वाटतं?" तिनं टोमणा मारला.

"देवासाठीच येतो हो. पेटीमुळे लक्ष राहत नाही."

"मग कान तपासून घ्या."

असंच चालायचं. तो एक बोलणार, ती उलटं बोलणार. खरं ते ओठांवर यायचं… आणि राहून जायचं. बघता बघता तीन महिने सरले. सोमवारपासून त्याला मुलुंडचं कॉलेज होतं. शेवटच्या दिवशी तो क्लिपा परत करायला आला. आज नाही तर कधीच नाही.

टेबलावर सेल जोडलेला होता.

"नॉब धरा," ती म्हणाली.

या वेळी तो बरोब्बर थांबला. काटा शून्यावर.

"वाहतंय काही?" तिनं विचारलं.

"नाही."

"म्हणजे सेल संपला?"

"छे. त्याच्यात खरं बळ किती, ते तर आत्ताच कळतं." त्यानं नॉबवरचा हात काढला. "गंधाली… गुरुवारी बुवांना भेटू? म्हणजे… नुसता श्रोता म्हणून नाही."

या वेळी तिनं उलटं उत्तर दिलं नाही. हात लांब करून पॉवर सप्लाय तेवढा बंद केला. काटा थरथरला, आणि आपसूक आपल्या ओढीच्या बाजूला कलला.

"पूर्वरंग झाला की बाबांना बुक्का लावायचा असतो," ती काट्याकडेच बघत म्हणाली. "तो मान तू घे. आणि… पुढे बस रे आता."